एक उडीद, एक मसूर

गेल्या वैशाखात बाळने आपली घोडी घोड्याला दाखवली आणि त्याच रात्री मला फोन केला. बाळ माझा धाकटा चुलतभाऊ. पन्नाशीला आला तरी घरात त्याला सगळे बाळच म्हणतात. पंचगंगेपलीकडे वडणग्याच्या वाटेवर त्याचा तीन घोड्यांचा तबेला आहे. लग्नसराईत वराती, एरवी रंकाळ्यावर पोरांना फेऱ्या.

"अक्का, तू कॉलेजात ह्येच शिकवतीस न्हवं? मग सांग बघू, शिंगरू कुठल्या रंगाचं हुईल?"

"घोडा कुठला?" मी विचारलं.

त्याने आधी घोड्याची उंची सांगितली, मग चाल, मग कान कसे आत वळून टोकाला टोक लावतात ते. मालकाचं घर मात्र अगदी शेवटी, आवाज उतरवून सांगितलं. ते ऐकल्यावर मला पटकन बोलता आलं नाही. त्या घराशी आमच्या घराचा घोड्यांचा व्यवहार १९७९ पासून बंद होता, आणि तो बंद पडला होता एका शिंगराच्या रंगावरून.

तात्या म्हणजे माझे आजोबा. उत्तरेश्वर पेठेत घर, मागच्या अंगणात घोडीचं छप्पर, आणि दिवसभर स्टेशन ते अंबाबाईचं देऊळ अशा टांग्याच्या खेपा. पहाटे पंचगंगेवर घोडी धुवायची, खरारा करायचा, तोबरा चढवायचा, मगच स्वतःचा चहा. तात्यांच्या तोंडी घोडा नुसता 'लाल' किंवा 'तपकिरी' कधी नसे. अंग लाल पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे, तर तो कुमाईत. आयाळ-शेपटीसकट सगळाच लाल, तर सुरंग. सगळाच काळा तो मुश्की, कस्तुरीसारखा. पिवळसर अंगाला काळी आयाळ तो समंद, काळ्यापांढऱ्या मोठ्या पट्ट्यांचा तो अबलख. वयाबरोबर पांढरा होत जाणारा सब्जा, आणि जन्मतःच दुधासारखा, कातडीसुद्धा गुलाबी, तो नुकरा. यातले बहुतेक शब्द फारसी-अरबीतून पागेत आले आणि मराठी होऊन राहिले.

जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपटांना घोडे लागत, तेव्हाच्या गोष्टी तात्या रंगवून सांगत. एकाच गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटायचं. पडदा काळापांढरा, त्यामुळे कुमाईत कुठला नि सुरंग कुठला हे बघणाऱ्याला कळायचंच नाही. "दोन्ही सारखेच दिसायचे गं," म्हणत, आणि मान हलवत. ज्याला हा फरक दिसत नाही त्याला घोडा दिसलाच नाही, असं त्यांचं मत होतं. पुढे शिकताना मला कळलं की घोड्याच्या रंगाची सगळ्यात मोठी सीमारेषा तीच आहे. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही लाल, पण कुमाईताचं अंग काळा रंग बनवू शकतं आणि सुरंगाच्या केसांत तो बनतच नाही. ज्या कुणी पागेवाल्यांनी या दोघांना दोन नावं दिली, त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ही रेषा नेमकी ओळखली होती.

मैना ही तात्यांची घोडी, कुमाईत. पैलवानांकडे मुश्की घोडा होता. पैलवान म्हणजे तात्यांचे तालमीतले जोडीदार. आम्ही पोरं त्यांना पैलवान म्हणूनच हाक मारायचो. दोघांनी एका हौद्यात माती अंगाला लावलेली, एका थाळीत जेवलेले. १९७८ च्या उन्हाळ्यात मैनेला त्या मुश्क्याकडे द्यायचं ठरलं. नेमके तात्या तापाने अंथरुणाला खिळले, म्हणून मैना चार दिवस पैलवानांच्या पागेतच राहिली. अकरा महिने तात्या काळ्या शिंगराची वाट पाहत होते. झालाच तर कुमाईत होईल, असं फार तर.

मी तेव्हा नऊ वर्षांची. रात्री आजीने कंदील धरलेला मला आठवतो, आणि पोत्याने पुसून काढल्यावर उजेडात आलेला तो रंग. विटेसारखा लाल. आयाळ लाल, शेपटीचा गोंडा लाल, पाय लाल, फक्त मागच्या डाव्या पायाचा खुराच्या वरचा वीतभर भाग पांढरा. मला ते जोतिबाच्या डोंगरावरून उतरल्यासारखं वाटलं आणि मी त्याचं नाव तिथल्या तिथे गुलाल ठेवलं. तात्या काही बोलले नाहीत.

बोलली ती पेठ. आई कुमाईत, बाप मुश्की, मग हे सुरंग आलं कुठून? पैलवानांच्या पागेत एक लाल तट्टू होतं, वाळूच्या गाडीला जुंपायचं. लोकांनी बोट तिकडे दाखवलं. रात्री दोर सुटला असेल, कुणाचं लक्ष नसेल. पुढे तर कुणी असंही म्हणालं की मुश्क्याला दाखवलंच नसेल, पैसे मात्र मुश्क्याचे घेतले. तात्या भर चौकात पैलवानांना हे विचारून बसले. पैलवानांनी अंबाबाईची शपथ घेतली. तात्या म्हणाले, "देवीला मधी आणू नगंस." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. टांगा त्या गल्लीच्या तोंडाशी आला की तात्या घोडी दुसऱ्या बाजूला वळवत, मग उतारूचं घर जवळ असो की लांब.

गुलाल वर्षाचा झाल्यावर बाजारात नेला. तिथल्या एका दलालाने पांढऱ्या पायाकडे बोट दाखवून भाव निम्म्यावर आणला. चार पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा तर तो पंचकल्याणी, राजाच्या दाराशी बांधावा. पण एकच पाय पांढरा आणि कपाळ कोरं, तर धन्याला वाईट. हे तात्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी घासाघीस केली नाही. मी शाळेतून आले तेव्हा छपरात मैना एकटी होती आणि भिंतीकडे तोंड करून उभी होती.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. एका दुपारी ग्रंथालयात आनुवंशशास्त्राच्या जाड पुस्तकात घोड्यांवरचं एक पान लागलं. चार्ल्स हर्स्ट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशनोंदवह्या चाळून १९०६ मध्ये दाखवून दिलं होतं की सुरंग रंग हा दबून राहणारा आहे. आईबाप दोघे सुरंग असतील तर पोर सुरंगच. अपवाद अगदी मोजके, आणि ते नोंदीच्या चुका म्हणून सोडून देण्याजोगे. उलट, दोन्ही आईबाप काळे किंवा कुमाईत असूनही त्यांच्या पोटी सुरंग येऊ शकतो. १९०६ म्हणजे आमच्याकडे शाहू मिलची सुरुवात झाली ते साल. तेव्हापासून छापून पडलेली ही गोष्ट उत्तरेश्वर पेठेत कुणाला माहीत नव्हती. ती माहीत नसल्यामुळे दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना शेवटपर्यंत तोंड दाखवलं नव्हतं. मी ते पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवून खिडकीबाहेर पाहत बसले.

घरी येऊन आजीच्या डब्यातून काळे उडीद आणि मसूर काढले. दोन वाट्या घेतल्या, एक मैनेची, एक मुश्क्याची. प्रत्येकीत एक उडीद आणि एक मसूर टाकला. तात्या तेव्हा सत्तरीपार गेले होते, टांगा विकला होता, ओट्यावर बसून असत.

"प्रत्येक जनावराकडे असे दोन दाणे असतात, तात्या. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पोराला देताना दोहोंतला एकच द्यायचा, आणि तो कुठला जाईल हे कुणाच्या हातात नाही. एक जरी उडीद असला तरी काळा रंग बनतो. दोन्ही मसूर आले तरच घोडा सुरंग."

"मग मैना काळी का न्हवती? कुमाईत का?"

सत्तर वर्षं घोडे पाहिलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं की दुसरी एक दाण्यांची जोडी असते, ती काळा रंग कुठे घालायचा ते ठरवते. तिने आवरलं की काळा फक्त टोकांना राहतो, आयाळीत, शेपटीत, पायांत, कानाच्या कडांना. तो कुमाईत. आवरणारं कुणी नसेल तर काळा सगळीकडे पसरतो. तो मुश्की. आणि सुरंगाकडे काळाच नाही, त्यामुळे ही दुसरी जोडी त्याच्याजवळ असली तरी तिला काम नाही. ती नुसती पोटात घेऊन तो हिंडतो आणि पुढच्या पिढीला देतो.

तात्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलला. उडीद, उडीद. परत टाकले. उडीद, मसूर. परत. मसूर, उडीद. मग मसूर, मसूर. ते दोन लाल दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. चारात एकदा. पहिल्याच वेळेला आलं असतं तरी नवल नव्हतं, आणि दहा वेळा आलं नसतं तरीही.

मग त्यांनी जे विचारलं ते मी पुस्तक वाचतानाही नीट लक्षात घेतलं नव्हतं.

"म्हंजे एक मसूर माझ्या मैनेचाबी हुता?"

हो. लाल शिंगरू व्हायला दोन्हीकडून मसूर यावा लागतो. तो लाल रंग निम्मा आमच्या छपरातूनच गेला होता. शिवाय त्या लाल तट्टानेच डाव साधला असता, तरीही मैनेने मसूर दिल्याशिवाय गुलाल लाल झाला नसता. बाप कुणीही धरा, आईची बाजू बदलत नव्हती. रंगावरून जो पुरावा पेठेने मांडला होता, तो पुरावाच नव्हता.

पैलवानांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढच्या रविवारी तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि मला म्हणाले, चल. त्या गल्लीत ते बारा वर्षांनी शिरले. पैलवानांच्या बायकोने दार उघडलं. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी बाहेर उभी होते. चहाची कपबशी आली आणि तशीच परत गेली एवढं दिसलं. येताना तात्या पागेपाशी थांबले. पाग रिकामी होती. दावणीच्या खुंट्याला त्यांनी हात लावला. त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तो मसूर नेमका काय आहे ते शोधून काढलं. रंगपेशीवर संदेश घेणारा एक ग्राहक असतो, त्याच्या जनुकात एका जागी एक अक्षर बदललेलं. त्या एका अक्षरामुळे 'काळा बनव' हा निरोप पेशीला पोचतच नाही, म्हणून ती लालच बनवत राहते. हे ऐकायला तात्या असते तर त्यांनी विचारलं असतं, एकच अक्षर? आणि मला पुन्हा डाळ काढावी लागली असती.

बाळच्या घोडीकडे येते. ती सुरंग आहे, म्हणजे तिच्या वाटीत दोन्ही मसूर, तिथे कोडं नाही. कोडं घोड्याचं. बाळ म्हणत होता, "नुकरा हाय अक्का, शिंगरू पांढरं झालं तर वराती सोडून दुसरं काय करायलाच नगं." घोड्याचा मालक, पैलवानांचा नातू, त्याने मात्र आपणहून सांगितलं होतं की नुकरा नाही, सब्जा आहे. त्याने खोटं सांगितलं असतं तर पैसे जास्त मिळाले असते. मी जाऊन पाहिलं. अंग पांढरंशुभ्र, पण नाकपुड्या, ओठ, डोळ्यांच्या कडा कोळशासारख्या. पाण्याने भिजवलं की केसाखालची कातडी काळी दिसते. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते आणि तो आईच्या पोटातून पांढराच बाहेर येतो. सब्ज्याचं शिंगरू जन्मतं काळं, लाल किंवा कुमाईत, आणि मग वर्षागणिक केस पिकत जातात. सहा-आठ वर्षांत बहुतेक पांढरे होतात. जोतिबाच्या यात्रेत गुलाल खेळून आलेला पांढरा घोडा सगळाच गुलाबी झालेला असतो, तेव्हाही नाकपुडी पाहावी. ती फसवत नाही.

सब्ज्याचं कारण २००८ मध्ये सापडलं, तेही स्वीडनमधल्याच चमूला. एका जनुकाच्या आतला साडेचार हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेलाय. अलीकडे त्यांनीच दाखवलं की तो दोनदा असेल तर घोडा सावकाश पिकतो, तीनदा असेल तर झपाट्याने. जगातल्या सगळ्या सब्ज्या घोड्यांत हा बदल एकाच पूर्वजाकडून आला असावा, असं त्यांचं म्हणणं. आणि हा दाणा दबून राहणारा नाही. पोर सब्जा व्हायचं तर आईबापांपैकी एक तरी सब्जा हवाच, तो पिढी ओलांडून उडी मारत नाही.

हे कळल्यापासून खंडोबा माझ्या मनात वेगळा दिसायला लागला. आमचं कुलदैवत तेच. ललकारीत घोडा 'निळा' आहे, आणि देवघरातल्या तसबिरीत तो पांढरा. लहानपणी मी आजीला विचारायचे, नक्की कुठला? आजी म्हणायची, देवाचा आहे, त्याला काय रंग. पण काळ्या अंगावर जन्मलेला सब्जा तीन-चार वर्षांचा असताना पाहा. पोलादासारखा, पावसाळी ढगासारखा रंग असतो त्याचा, आणि अंगावर चांदीची नाणी ठेवून दाबल्यासारखी वर्तुळं. त्याला निळाच म्हणावं लागतं. राजस्थानात चेतकालाही निळा घोडाच म्हणतात. तोच घोडा दहाव्या वर्षी दुधासारखा होतो. ज्यांनी ललकारी दिली त्यांनी तरुण घोडा पाहिला आणि ज्यांनी तसबीर काढली त्यांनी तोच घोडा वय झालेला पाहिला, असं मी मानते.

या पांढरेपणाची किंमत घोडा पुढे मोजतो. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्या घोड्यांपैकी सत्तर ते ऐंशी टक्क्यांना कातडीच्या रंगपेशींच्या गाठी होतात, बहुतेक शेपटीखाली. बाळच्या आधीच्या वरातीच्या घोड्याला त्या होत्या. जरीची झूल शेपटीवरून खाली सोडलेली असायची, त्यामुळे वऱ्हाडाला दिसत नसत. मला मात्र प्रत्येक वरातीत, बँडच्या आवाजात, त्याच दिसायच्या. पांढराच घोडा हवा म्हणून हटून बसणाऱ्या नवरदेवाच्या बापाला मला कधीतरी तबेल्यात घेऊन जायचंय आणि झूल उचलून दाखवायचीय.

तर हिशेब. नातवाने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पहिला या घोड्याचाच, सहा महिन्यांचा असतानाचा: अंग लालसर, आयाळ काळी, गुडघ्याखाली काळा. म्हणजे पांढऱ्या केसांच्या आड कुमाईत लपलाय, निदान एक उडीद नक्की. दुसरा फोटो त्याच्या आधीच्या एका शिंगराचा, सुरंग घोडीच्या पोटचं. आता दोन वर्षांचं, आणि अजून विटेसारखं लाल, एकही पिकलेला केस नाही. त्या एका फोटोने बापाच्या दोन वाट्या उघड्या पडल्या. लाल झालं, म्हणजे बापाकडे मसूर आहे. पांढरं होत नाही, म्हणजे बापाकडे सब्ज्याचा दाणा एकच आहे, दुसरा साधा. घोड्याने स्वतः जे दाखवलं नाही ते त्याच्या पोराने दाखवलं.

म्हणून बाळला मी सांगितलं: पुढे पांढरं होण्याची शक्यता निम्मी. न झालं तर सुरंग किंवा काळ्या आयाळीचं, दोन्ही सारखंच शक्य. "निम्मी म्हंजे हुईल की," तो म्हणाला. निम्मीचा अर्थ आपण सगळेच आपल्याला हवा तसा लावतो. मी त्याला बजावलं की याआधीचं लाल झालं म्हणून यंदा पांढऱ्याची पाळी येत नाही. दाणे दरवेळी वाटीत परत टाकूनच उचलायचे असतात.

"आणि पाय? पंचकल्याणी हुईल काय?"

हे मात्र कुणीच सांगू शकत नाही, आणि मला त्या न सांगता येण्याचं फार अप्रूप आहे. गर्भ अगदी लहान असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तिथून दोन्ही अंगांनी चालत निघतात. मानेवरून तोंडाकडे, खांद्यांवरून आणि पुठ्ठ्यांवरून पायांकडे. चैत्री पुनवेला सासनकाठ्या घेऊन गावोगावचे लोक डोंगराकडे चालत निघतात तशा. पालखी निघायच्या आत पोचले ते पोचले. ज्यांची वाट सर्वांत लांब ते मागे राहतात. घोड्याच्या अंगावर ही सर्वांत लांबची ठिकाणं म्हणजे चार पायांचे शेवट आणि तोंडाचा मधला भाग. तिथे पेशी पोचल्या नाहीत की केस पांढरे. पंचकल्याणी म्हणताना आपल्या लोकांनी नेमक्या याच पाच जागा मोजल्या.

किती पेशी निघाल्या, किती वेगाने, हे काही प्रमाणात वंशातून ठरतं, म्हणून पांढऱ्या पायांची घराणी असतात. सुरंगांवर पांढरं कुमाईतांपेक्षा जास्त दिसतं, आणि मागच्या पायांवर पुढच्यांपेक्षा जास्त. पण नेमका कुठला पाय, कुठवर, कपाळावर चांदणी की पट्टा, हे ज्या त्या गर्भातल्या चालण्यावर अवलंबून. २००३ मध्ये इटलीत घोड्याची पहिली हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, जन्माला आली. आता पोलोच्या मैदानावर एकाच घोडीच्या अशा कितीतरी प्रती धावतात. सगळ्यांचे दाणे एकूण एक सारखे, तरी त्यांच्या तोंडावरच्या आणि पायांवरच्या पांढऱ्या खुणा तंतोतंत जुळत नाहीत.

गुलालचा डावा पाय हा असा. काही पेशी वाटेत राहिल्या. पंचकल्याण्यात पाच ठिकाणी राहिल्या तर तो मंगल, गुलालमध्ये एका ठिकाणी राहिल्या तर तो अशुभ. ज्या दलालाने निम्मा भाव केला त्याला घरी पंचकल्याणी फुकट मिळाला असता तर त्याने ओवाळला असता. मला अजून राग येतो. पुढे तो घोडा कुणाच्या गाडीला जुंपला गेला, त्याला चंदी मिळाली की नुसता कडबा, मला कधीच कळलं नाही.

यंदा चैत्रात जोतिबाची यात्रा दोन दिवसांवर आली असताना घोडीच्या आचळांवर मेणासारखे थेंब धरले. म्हणजे आता एखाद-दोन रात्री. घोड्या बहुधा रात्रीच वितात, भोवती माणसांची वर्दळ नसताना. मी वडणग्याला जाऊन राहिले. रस्त्याने रात्रभर यात्रेकरू चालले होते, हलग्या वाजत होत्या, आणि आम्ही छपराबाहेर दिवा मंद करून बसलो होतो. वहिनींनी चहा केला तो तीनदा गरम केला. साडेतीनच्या सुमारास घोडी आडवी झाली. आधी पातळ पडद्यात एक खूर, त्याच्या थोडं मागे दुसरा, मग गुडघ्यांवर टेकलेलं नाक. सगळं पंधरा-वीस मिनिटांत झालं. ओल्या केसांचा रंग दिव्यात कळत नाही, सगळंच काळं दिसतं. बाळ पोतं घेऊन पुसत होता आणि मी टॉर्च धरली होती, आजीने कंदील धरला होता तशी.

सुरंग. आयाळ लाल, शेपटी लाल.

मी डोळ्यांजवळ टॉर्च नेली. पुढे सब्जा होणार असेल तर पापण्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस आधी येतात, कधी जन्मतःच, कधी काही आठवड्यांनी. एक दिसला असं वाटलं. मग तो पडद्याचा तंतू निघाला. लाल केस वाळत चालले होते आणि शिंगरू उठायची खटपट करत होतं, चारही पाय चार दिशांना. तासाभरात उभं राहिलं. तेव्हा पाय दिसले. मागचा डावा, खुराच्या वर वीतभर, पांढरा.

बाळने माझ्याकडे पाहिलं. गुलाल विकला तेव्हा तो पाच वर्षांचा होता, पण आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याने पैलवानांच्या नातवाला फोन लावला. "झालं रं. सुरंग हाय." पलीकडे काही क्षण शांत. मग त्याने विचारलं, दूध प्यालं का, वार पडली का. वार तासाभरात पडली होती, शिंगरू आचळ शोधत होतं. "सकाळी येतो," तो म्हणाला, "आज्जीला घिऊन."

आठ वाजता रिक्षा आली. पैलवानांची बायको आता नव्वदीकडे झुकली आहे, पण छपरापर्यंत काठी टेकत स्वतः चालत आली. पदरात गुळाचा खडा बांधून आणला होता, तो आधी घोडीला दिला. मग शिंगराकडे पाहत उभी राहिली. ऊन आत आलं होतं, लाल केस आता पुरते वाळून फुलले होते. तिने वाकून पाठीवरून हात फिरवला, मग पुठ्ठ्यावरून खाली, त्या पांढऱ्या पायापर्यंत. शिंगराने पाय झाडला नाही.

"असंच हुतं त्ये," ती म्हणाली.

बाळने तिच्यासाठी खुर्ची आणली. ती बसली आणि शिंगरू दूध पिताना पाहत राहिली.